मतपत्रिकेवरचा न्यायाधीश

रस्त्याकडेच्या हिरवळीवर रोवलेल्या या पाट्या पाहा. प्लॉट विकायचा नाहीये, सेलही लागलेला नाही. नावाखाली लिहिलंय 'जज'. मत मागतोय तो न्यायाधीश व्हायला निघालेला माणूस.

ही टेक्सासमधली फोर्ट बेंड काउंटी, ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला. 2020च्या जनगणनेत इथली वस्ती 8,22,779; पाचातला साधारण एक आशियाई वंशाचा. गंभीर गुन्ह्यांचे खटले आणि पैशाअडक्याचे दावे ऐकणारा इथला जिल्हा न्यायाधीश लोक निवडून देतात, तेही पक्षाच्या तिकिटावर आणि चार वर्षांसाठी.

आपल्याकडे परीक्षा, मुलाखत, मग नेमणूक. इथे आधी पक्षातल्याच माणसांशी लढत, ज्याला प्रायमरी म्हणतात, आणि नोव्हेंबरात दुसऱ्या पक्षाशी. प्रचाराला पैसा लागतो. तो देणाऱ्यांत वकीलही असतात, आणि उद्या याच जजसमोर त्यांना आपल्या अशिलाची बाजू मांडायची असते. देणगीला कायद्याची मर्यादा आहे. अवघडलेपण मात्र राहतंच.

मतदारासमोर येते ती लांबलचक मतपत्रिका. वरचा गव्हर्नर माहितीचा असतो. खाली जज मंडळी सुरू झाली की गाडी अडते. यांचा एकही निकाल कुणी वाचलेला नसतो. मग नजर जाते नावाजवळच्या पक्षाकडे. पूर्वी एकाच खुणेत सगळ्या पक्षाला मत देता यायचं. 2020पासून ती सोय गेली; आता एकेका नावापाशी थांबावं लागतं.

2022 साली त्या यादीत एक नाव होतं सुरेंद्रन पट्टेल. आडनावावरून गुजराती वाटतील, पण माणूस केरळच्या कासरगोडचा. दहावीनंतर शिक्षण सुटलं आणि वर्षभर त्यांनी पूर्णवेळ विड्या वळल्या. सोलापूरच्या विडी कामगार बायकांना यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. पुढे कॉलेजात गेले तरी काम सुटलं नाही, म्हणून हजेरी भरेना. परीक्षेला बसू द्या, मार्क पडले नाहीत तर शिक्षण सोडतो, अशी गळ घातली आणि पहिले आले. कायदा शिकताना कालिकतच्या हॉटेलात साफसफाई केली. मग वकिली, आधी गावाकडे, नंतर दिल्लीत. पत्नी नर्स, 2007मध्ये घर ह्यूस्टनला हललं. तिथली वकिलीची परीक्षा पुन्हा द्यावी लागली. नागरिकत्व मिळालं 2017मध्ये.

पाचच वर्षांनी 240व्या जिल्हा न्यायालयासाठी डेमोक्रॅटिक पक्षाकडून उमेदवारी. प्रायमरीत समोर होते खुर्चीवरचे न्यायाधीश. पट्टेल यांच्या इंग्रजी उच्चारांची प्रचारात टिंगल झाली. खुद्द पक्षातल्या लोकांनाही ते जिंकतील असं वाटत नव्हतं. त्यांनी दोन्ही लढती मारल्या.

जानेवारी 2023मध्ये शपथ झाली, काळा झगा अंगावर आला. मुदत 2026च्या डिसेंबरअखेरपर्यंत. त्याआधीच्या नोव्हेंबरात हीच खुर्ची पुन्हा मतपत्रिकेवर, आणि हिरवळीवर पुन्हा पाट्या.