देव भेटला, नाव बदललं... आणि स्वभाव?

नमस्कार. साक्ष देताना आपण सहसा काय सांगतो? पूर्वी मी असा होतो, मग प्रभू भेटला आणि सगळं बदललं. हालेलुया, पुढची साक्ष! पण त्यानंतरच्या सोमवारी राग तोच, सवयी त्याच. मग आतून शंका कुरतडते, मला देव खरंच भेटला होता का? आज याच शंकेवर बोलू. त्यासाठी याकोबाकडे जावं लागेल. उत्पत्ती, अध्याय ३२. बायबल जवळ असेल तर उघडाच.

यब्बोक नदी, रात्रीची वेळ. मामाकडे, म्हणजे लाबानाकडे, २० वर्षं राबून याकोब घरी निघालाय आणि समोरून एसाव येतोय, ४०० माणसं घेऊन. ज्याचा आशीर्वाद याने लाटला तोच हा भाऊ. याकोब प्रार्थना करतो, आणि मग हिशेबाला बसतो! २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० मेंढे, ३० दुभत्या उंटिणी पिल्लांसकट, शिवाय गाई, बैल, गाढवं. एकूण पाचशेच्या वर जनावरं, भावाला भेट म्हणून. तीही एकदम पाठवत नाही. कळपाकळपांत अंतर ठेवतो, म्हणजे एसावाचा राग टप्प्याटप्प्याने उतरेल. काय डोकं आहे बघा! बायकामुलांनाही पलीकडे पोचवतो आणि स्वतः मागे राहतो, एकटा.

तिथे एक पुरुष पहाटेपर्यंत त्याच्याशी झोंबी करतो. याकोबाच्या जांघेचा सांधा निखळतो, तरी तो सोडत नाही. आशीर्वाद दे, मगच जाऊ देतो म्हणतो. त्यावर समोरचा विचारतो, "तुझं नाव काय?"

जरा थांबू. हा पुरुष देवच होता, असं याकोब पुढे म्हणतो. मग देवाला याचं नाव ठाऊक नव्हतं? पाच अध्याय मागे जा. डोळ्यांनी अधू झालेल्या बापापुढे, हातांना आणि मानेला करडांची कातडी गुंडाळून, हाच माणूस आशीर्वाद घ्यायला उभा होता. इसहाकाने विचारलं, तू कोण? हा म्हणाला, मी एसाव, तुमचा थोरला मुलगा. तो आशीर्वाद दुसऱ्याच्या नावावर मिळाला. आता पुन्हा आशीर्वाद हवाय, पुन्हा तोच प्रश्न आलाय, आणि या वेळी तो म्हणतो, "याकोब." इस्राएल हे नाव मिळतं ते त्यानंतर. माझ्या मते अख्ख्या प्रसंगाचा गाभा या एका उत्तरात आहे. आपण मंडळीत जे दिसतो त्याला घेऊन देवाकडे गेलो, तर झोंबी लांबतच जाते.

सकाळी काय होतं? काल सगळ्यांच्या मागे राहिलेला याकोब आज सगळ्यांच्या पुढे निघतो, लंगडत. भावापुढे सात वेळा भुईपर्यंत वाकतो. एसाव धावत येऊन गळ्यात पडतो, दोघं रडतात. हा बदल खरा आहे. पण त्याच अध्यायात, म्हणजे ३३ मध्ये, दासी आणि त्यांची मुलं आधी उभी केलीत, मग बायको लेआ, आणि लाडकी बायको राहेल योसेफासह सुरक्षित, शेवटी. पक्षपात कायम! एसावाला सांगतो तुझ्याकडे सेईरला येतो, आणि मुक्काम करतो सुक्कोथला. अध्याय ३५ मध्ये देव पुन्हा येऊन तेच नाव पुन्हा सांगतो. मला यात फार दिलासा वाटतो.

येशूच्या शिष्यांना पकडायला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर निघालेला शौल, म्हणजे पुढचा पौल, आठवा. आकाशातल्या उजेडाने डोळे दिपलेत, तीन दिवस दिसत नाही, अन्नपाणी नाही. ज्यांना बांधून न्यायला हा आला होता, त्यांच्यातलाच हनन्या येऊन त्याच्यावर हात ठेवतो आणि हाक मारतो, "शौल भाऊ." नवी ओळख त्याला माणसाच्या तोंडून ऐकायला मिळाली. पुढे यरुशलेमेत मात्र शिष्य त्याला घाबरलेच, बर्णबाला मध्ये पडावं लागलं. तुम्ही बदललात हे घरच्यांना पटायला वेळ लागतो. तो त्यांना द्या.

आता एक सावधगिरी. 'अमेझिंग ग्रेस' हे गीत लिहिणाऱ्या जॉन न्यूटनने १७४८ मध्ये समुद्रातल्या वादळात देवाचा धावा केला आणि तो दिवस जन्मभर लक्षात ठेवला. तरी १७५० ते १७५४ तो गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. त्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिलं ते १७८८ मध्ये. चाळीस वर्षं! त्या उशिराची किंमत त्याने नाही, जहाजाच्या तळाशी साखळदंडात पडलेल्यांनी मोजली. तेव्हा "देव हळूहळू बदलवतो" ही पळवाट करू नका. ज्याचं आपल्यामुळे नुकसान होतंय, ते आजच थांबवायचं.

आणि ज्यांना अशी एखादी रात्र किंवा वाट आठवतच नाही, त्यांनी पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याच्याकडे बघावं. आजी लोईस, आई युनीके, लहानपणापासून शास्त्राची ओळख. उजेड नाही, वादळ नाही, झोंबीही नाही. तरी पौल त्याला विश्वासातलं आपलं खरं लेकरू म्हणतो. तारीख सांगता येत नाही म्हणून साक्ष द्यायला लाजू नका.

उत्पत्ती ३२ ते ३५ एका बैठकीत वाचून काढा. पुढच्या भागात याकोबासोबत बेथेलला जाऊ.