फेडरवरची पांढरी चिकटपट्टी

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? मग आवाज आहे तेवढाच राहू द्या. मगाशी कार्यकर्त्यांनी माइक वाढवू का म्हणून विचारलं, तेव्हा मी त्यांना डोक्यावरचे दोन पंखे बंद करायला सांगितले. आज बोलायचंय ते याच गोष्टीबद्दल: आवाज वाढवत राहिलं की कानाचं काय होतं.

मी नाशकात अठ्ठावीस वर्षं साउंड लावतोय. लग्नं, स्नेहसंमेलनं, गणपती, नवरात्र. संध्याकाळी हॉल रिकामा असताना लेव्हल लावायची आणि मुख्य फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायचं सरकतं बटण, जिथे थांबलं तिथे पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा डकवायचा, ही माझी जुनी सवय. रात्री दहाच्या सुमारास पाहावं तर फेडर पट्टीच्या चांगला बोटभर वर गेलेला असतो. माणसं आवाज शोषतात, त्यामुळे हॉल भरला की थोडं वाढवावंच लागतं. पण बोटभर नाही. दर अर्ध्या तासाने कोणीतरी येऊन म्हणतं, "दादा, मजा येत नाही, जरा वाढवा." तो खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच कमी ऐकू येत असतं, कारण त्याचा कान थकलेला असतो.

याचा अनुभव तुम्हालाही आहे. रात्री त्र्यंबकहून गाणी ऐकत गाडीने घरी येता. सकाळी गाडी सुरू केली की तोच आवाज एकदम अंगावर येतो आणि हात झटकन बटणाकडे जातो. बटण तर रात्रीपासून कोणी हलवलेलं नाही. रात्रभरात कान ताजा झालाय, एवढंच. म्हणून आवाज किती ठेवायचा हे थकलेल्या कानाला विचारू नका.

कानाच्या आत मटाराच्या दाण्याएवढा एक शंख आहे. त्यात पंधरा हजारांच्या आसपास केसपेशी असतात. आवाज आला की त्यांचे केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते. मिरवणुकीनंतर कानाला दडे बसतात, दुसऱ्या दिवशी कान मोकळा होतो आणि आपण विसरून जातो. पण असा मार वारंवार बसला की पेशी मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा येत नाहीत. पहिला फटका बहुधा बारीक, उंच आवाज ऐकणाऱ्या पेशींना बसतो.

माझ्या कानाच्या तपासणीच्या आलेखात ४००० हर्ट्‌झला खोल खड्डा आहे, म्हणजे त्या उंचीचे बारीक आवाज मला फार कमी ऐकू येतात. स, श, फ, थ ही अक्षरं अशा बारीक आवाजांवरच उभी असतात. एकदा फोनवर पोराने सांगितलं, "साठ मीटर केबल लागेल." मी आठ ऐकलं आणि आठ मीटरचं भेंडोळं घेऊन देवळाली कॅम्पला पोचलो. 'आ' जाड, तो ऐकू आला. 'स' वाटेतच राहिला. माझी नात कानाशी येऊन काहीतरी गुपित सांगते. कुजबुजीत घोगरा, जाड आवाज नसतोच. तिचा श्वास मला कानाच्या पाळीवर लागतो, शब्द येत नाहीत. मी मान डोलावतो.

आता आकडे. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे तितकाच मार बसायला निम्मा वेळ पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्यांनी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ऐकले तर चालतं. ९० ला फक्त ४ तास, आणि १०० ला वीस मिनिटं. आठवड्याला, दिवसाला नव्हे! मुलांसाठी मर्यादा ७५ ची. कार्यक्रमांसाठीही २०२२ मध्ये संघटनेने मानक दिलंय: १५ मिनिटांची सरासरी १०० च्या वर नको, आणि कानाला विसावा द्यायला एक शांत जागा हवी. आपल्याकडच्या मंडपात अशी जागा मी अजून पाहिली नाही, आणि हे मला फार लागतं.

ढोलाला माझा विरोध नाही. नाशिक ढोल कानावर पडला की आजही माझे पाय थांबतात. पण पथकातल्या पोरांना मी हात जोडून सांगतो, कापसाच्या बोळ्यांनी फारसं काही अडत नाही. फोमचे इअरप्लग पिळून, कान वर ओढून नीट आत बसवा. ठेका चुकत नाही. बघायला येणाऱ्यांनी स्पीकरपासून लांब उभं राहावं. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. जुन्या नाशकातल्या गल्ल्यांत मात्र भिंती आवाज परत फेकतात, तिथे मिरवणुकीबरोबर तासन्‌तास चालू नका.

इअरफोनचंही तेच. मुंबई नाक्याच्या गोंगाटात आवाज ठरवू नका. घरी, शांत खोलीत ठरवा, साठ टक्क्यांच्या आत, आणि ती खूण लक्षात ठेवा. हीच तुमची चिकटपट्टी. बसमध्ये गाणं ऐकू येईना तर बाहेरचा आवाज अडवणारे हेडफोन घ्या, नाहीतर गाणं बंद ठेवा. बऱ्याच फोनमध्ये कमाल आवाज बांधून ठेवता येतो. लहान मुलांच्या फोनवर तो आज रात्रीच बांधा.

आणि एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका. लगेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, उपचाराला पहिले काही दिवसच महत्त्वाचे असतात.

आता तुमचे प्रश्न. फक्त विचारताना समोर येऊन, माझ्याकडे तोंड करून विचारा. ओठ दिसले की मला 'स' कळतो.