कोळशाकडून उन्हाकडे : हिशेब कुणाच्या वहीत?

मंडळी, चंद्रपुरात उभं राहून कोळशाविरुद्ध बोलणं सोपं नाही आणि कोळशाच्या बाजूनं बोलणं त्याहून अवघड. घरातला एक जण औष्णिक वीज केंद्रात नाहीतर खाणीत कामाला असतो आणि त्याच घरात कुणाला तरी दमा असतो. गच्चीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी कुठल्या रंगाचं होतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. मी पर्यावरणवाला नाही. माझी नोकरी वीज धंद्याच्या हिशेबात गेली, म्हणून वहीपुरतंच बोलतो.

सौर वीज स्वस्त की महाग, यावर टीव्हीवर भांडणं होतात. दोन्ही बाजू खरं बोलतात, फक्त वेगवेगळ्या वेळेबद्दल. 2010 च्या सुमारास सौर प्रकल्पांच्या बोल्या लागल्या, तेव्हा युनिटचा दर दहा रुपयांच्या वर होता. मे 2017 मध्ये राजस्थानात भडल्याला तो 2 रुपये 44 पैशांवर आला. आज तीन रुपयांच्या आत-बाहेर वीज मिळते. पण ती दुपारची. संध्याकाळी सातला घरोघरी दिवे, मिक्सर, पंखे एकदम सुरू होतात, तेव्हा सूर्य आपला निघून गेलेला असतो. मग दुपारी दाबून ठेवलेला कोळशाचा संच, म्हणजे बॉयलर आणि जनित्राची जोडी, पुन्हा वर घ्यावा लागतो. बॉयलर म्हणजे काही गॅसची शेगडी नव्हे. रोज असा वरखाली केला की नळ्या लवकर थकतात, कोळसाही जास्त खातो. त्याऐवजी बॅटरी लावा, किंवा घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पासारखं करा : स्वस्त वीज असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडायचं. घाटघर 250 मेगावॅटचं आहे. हा खर्च धरला की तीन रुपये तीन राहत नाहीत.

दुसरी एक गल्लत. 2025 च्या मध्यात जाहीर झालं की देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेतला निम्मा वाटा आता कोळसा, गॅस वगळून इतर साधनांचा आहे. खरं आहे. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा अजून कोळशाचाच. आपल्याकडं एक मेगावॅट सौर वर्षाला साधारण पंधरा-सोळा लाख युनिटं देतो. कोळशाचा एक मेगावॅट बरा चालला तर साठ लाखांच्या घरात जातो. क्षमता म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये किती माणसं मावतात, आणि निर्मिती म्हणजे जेवून किती गेली.

आता आपल्या केंद्राकडं वळू. 2920 मेगावॅट पूर्ण क्षमतेनं चालवायचं तर दिवसाला चाळीस-पन्नास हजार टन कोळसा लागतो. रेल्वेच्या भाषेत बारा-तेरा रॅक, म्हणजे तेवढ्या अख्ख्या मालगाड्या. आपल्या कोळशात राख पस्तीस-चाळीस टक्के. म्हणजे दर दहा डब्यांतले साडेतीन-चार डबे आपण राख वाहून आणतो आणि नंतर ती टाकायला जागा शोधतो. हे इतकी वर्षं चाललं, कारण त्या राखेचा खर्च बिलात कुठं दिसत नव्हता. तो दिसायचा दवाखान्यात.

पण त्याच डब्यांवर किती जणांची घडी बसलीय, तेही बघा. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनानं निम्म्याच्या आसपास कोळसा असतो, आणि मालाच्या भाड्यातूनच प्रवाशांची तिकिटं स्वस्त ठेवली जातात. तुमच्या नागपूरच्या तिकिटात कोळशाचे पैसे आहेत. 2010 साली केंद्र सरकारनं कोळशावर टनाला 50 रुपये उपकर बसवला, तो 2016 पर्यंत 400 वर गेला. 2017 ला जीएसटी आला, तेव्हा तो राज्यांच्या नुकसानभरपाईत वळवला. स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून गोळा होणारा पैसा असा भलत्या कपाटात गेला. 2015 नंतर जिल्हा खनिज निधी आला, खाणवाल्यांकडून जमा होणारा. त्यातून इथल्या शाळा, आरोग्य केंद्रं, रस्ते झाले. कोळसा कमी झाला की हा निधीही आटणार. नागपूरच्या एखाद्या कारखान्यानं छपरावर पॅनल टाकले, की त्याचं बिल उतरतं. छान. पण त्याच्यापर्यंत गेलेल्या तारा, रोहित्रं, माणसं तशीच ठेवावी लागतात. शेतीपंपांना सवलत देताना मोठा भार उद्योग उचलत आले. ते गिऱ्हाईक कमी वीज घेऊ लागलं, की खर्च उरलेल्यांत वाटला जातो. तुमच्या बिलावरची 'स्थिर आकार' ही ओळ कधी खाली आलेली बघितलीय?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : फायदा एका वहीत जमा होतो, तोटा दुसऱ्या वहीत नावे पडतो. आणि तिसऱ्या माणसाची तर वहीच नसते.

हे काही आज घडत नाहीये. मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालायच्या. टाटांनी घाटात धरणं बांधली आणि 1915 साली खोपोलीहून पाण्याची वीज मुंबईत पोचली. धूर नाही, कोळसा नाही. आजच्या भाषेत ते ऊर्जा संक्रमणच. मग मुळशीला धरण निघालं आणि 1921 साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला. त्यातली एक गोष्ट आपण विसरतो. मुळशी पेट्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या ताब्यात गेल्या होत्या. त्यांना मोबदला चांगला मिळतोय म्हटल्यावर धरणाचं वावडं राहिलं नाही. कसणाऱ्या मावळ्याला मात्र जमीन हवी होती, पैसा नव्हे. धरण झालं, 1927 ला भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. वीज स्वच्छ होती. हिशेब नव्हता.

आता सौर कृषी वाहिनी घ्या, म्हणजे जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची सरकारी योजना. योजना मला आवडते, उघड सांगतो. ज्या शेतकऱ्यानं रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाताना साप बघितलाय, त्याला दिवसा वीज म्हणजे काय ते विचारा. जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, शिवाय दरवर्षी तीन टक्के वाढ. दहा मेगावॅटला सोळा ते वीस हेक्टर लागते, म्हणजे गावात वीस-पंचवीस लाख येतात. कोरडवाहू सोयाबीनला एवढं कधी सुटलं?

पण हे पैसे सातबाऱ्यावर नाव असेल त्याला. त्याच रानात निंदायला, काढणीला जाणाऱ्या बायका तारेच्या कुंपणाबाहेर उरतात. आत एक पहारेकरी आणि पॅनल धुणारी दोन पोरं. गायरानावर प्रकल्प आला तर जमीन कागदोपत्री सरकारची, पण चारा होता धनगराच्या मेंढरांचा. चाऱ्याची नोंद कुठल्या उताऱ्यात असते?

जर्मनीनं 2020 साली कायदा करून कोळसा बंद करायला 2038 ची मुदत ठेवली आणि कोळशाच्या पट्ट्यांना 40 अब्ज युरोपर्यंत मदत ठरवली. आपण ती नक्कल करू शकत नाही, तेवढा पैसाच नाही. पण खाण बंद व्हायच्या आधी तारीख ठरवायची आणि कोण कोण इथं पोट भरतं त्याची यादी करायची, याला अब्ज लागत नाहीत. कायम नोकरीवाल्याचं नाव पगारपत्रकात असतंच. कोल इंडियाचे असे दोन लाखांवर लोक आहेत. मी म्हणतोय ते रॅकवरची ताडपत्री ओढणारे, कोळसा वाहणाऱ्या बेल्टखाली सांडलेलं भरणारे, राखेचे टँकर चालवणारे, गेटसमोर पोहे विकणारे यांच्याबद्दल.

भाषणानंतर मागच्या रांगेतून एका तिशीतल्या मुलानं विचारलं, "सर, केंद्र बंद होणार का?" मी म्हटलं, एकदम नाही. एक आणि दोन नंबरचे 210 मेगावॅटचे संच आधीच मोडीत निघाले. तीन आणि चार त्याच जातकुळीतले, चाळिशीला आलेले. आठ आणि नऊ तरुण आहेत, ते बराच काळ चालतील.

"एक-दोनवाल्यांचं काय झालं?"

"कायमवाले दुसऱ्या संचांवर गेले."

"अन् ठेक्यावरचे?"

मी त्याला विचारलं, तुझ्याकडं कागद काय काय आहेत? पीएफचा नंबर आहे का, पगाराची चिठ्ठी मिळते का? त्यानं खिशातून गेटपास काढून दाखवला. प्लॅस्टिकमध्ये घातलेला. आठ वर्षं तो एकाच बेल्टवर काम करत होता. पासवर ठेकेदाराचं नाव होतं, आणि रुजू झाल्याची तारीख मागच्या जूनची.