सोलेन्तिनामेची मिस्सा

श्रोतेहो, नमस्कार. देव मानणाऱ्याला मार्क्सवादी होता येतं का, हा विषय निघाला की ‘धर्म ही अफूची गोळी’ हे वाक्य हटकून येतं. १८४४ सालच्या त्या लेखात मार्क्सनं त्याच परिच्छेदात धर्माला पिचलेल्या जिवाचा सुस्काराही म्हटलंय, तेवढं मात्र गाळलं जातं. लेनिन तर पक्का व्यवहारी. १९०९ मध्ये त्यानं लिहिलं: पाद्री पक्षाचं काम नेटानं करत असेल, कार्यक्रमाला विरोध करत नसेल, तर खुशाल घ्या, पक्षात शिरून धर्मप्रचार करू लागला तर काढा.

पण हा झाला पक्षाचा दरवाजा. चर्चच्या आत काय घडतं, ते पाहायला निकाराग्वाला जावं लागेल. तिथल्या मोठ्या सरोवरातल्या सोलेन्तिनामे बेटांवर १९६६ पासून फादर एर्नेस्तो कार्देनाल शेतकरी आणि मासेमारांमध्ये राहत. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चच्या सामुदायिक उपासनेत, ते एकटे प्रवचन देत नसत. शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या कथेतला, उतारा वाचला जाई आणि बोलत ते गावकरी.

लॅटिन अमेरिकेतल्या अशा गटांची रीत ठरलेली: पाहा, पारखा, करा. आधी परिस्थिती. जमीन कुणाची, मजुरी किती, सावकार कोण? मार्क्सचं विश्लेषण लागतं ते इथे. मग ती परिस्थिती बायबलसमोर धरायची, आणि शेवटी काय करायचं ते गटानं ठरवायचं. क्रम उलटला की घोटाळा होतो: वचन आधी निवडलं, तर माहिती त्याच्या मापानं कापली जाते. मधली पायरी गाळली, तर उरते नुसती पक्षाची शाखा. तिसरी टाळली, की पुन्हा जुनंच प्रवचन.

व्हॅटिकननं १९८४ मध्ये आक्षेप घेतला, की मार्क्सचं विश्लेषण त्याच्या नास्तिकतेपासून वेगळं काढता येत नाही. मला हे पटत नाही; हत्यार वापरलं म्हणून लोहाराचा धर्म घ्यावा लागत नाही. वर्गसंघर्ष हिंसेकडे नेतो, ही त्यांची दुसरी भीती मात्र पोकळ नव्हती. ऑक्टोबर १९७७ मध्ये सोलेन्तिनामेतली तरुण मंडळी सान कार्लोसच्या लष्करी ठाण्यावरच्या हल्ल्यात उतरली, आणि हुकूमशहा सोमोसाच्या लष्करानं, नॅशनल गार्डनं, त्यांची वस्ती उद्ध्वस्त केली.

सोमोसाला हटवणाऱ्या सँडिनिस्टा पक्षाच्या क्रांतीनंतर, १९७९ मध्ये, कार्देनाल सांस्कृतिक मंत्री झाले. १९८३ मध्ये मानाग्वाच्या विमानतळावर ते गुडघे टेकून बसले असताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी, पाद्री असून सरकारात बसल्याबद्दल, बोट रोखून त्यांना खडसावलं. पुढे त्यांच्या पौरोहित्यावर बंदी आली. १९९४ मध्ये त्यांनी सँडिनिस्टा पक्षही सोडला. बंदी उठवली पोप फ्रान्सिस यांनी, २०१९ मध्ये. तेव्हा कार्देनाल ९४ वर्षांचे होते.