कॅमेरा घेताना कोणता आकडा वाचावा?

[दृश्य : प्रयोगशाळेतील जुन्या यंत्राचे कृष्णधवल छायाचित्र]

१९७५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील रोचेस्टर येथे, ईस्टमन कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत, स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मशिवाय चित्र टिपणारा कॅमेरा जुळवला. साडेतीन किलोंहून अधिक वजनाच्या त्या यंत्राच्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, आडवे १०० आणि उभे १००, म्हणजे एकूण १०,००० पिक्सेल (चित्र ज्यांनी बनते ते ठिपके) होते, आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. आज बाजारातील साध्या कॅमेऱ्याच्या खोक्यावरही २ कोटी पिक्सेलांची ग्वाही असते.

पिक्सेलांची संख्या मोजायला सोपी आणि जाहिरातीत छापायला सोयीची असते, त्यामुळे ग्राहकाच्या नजरेत तीच आधी भरते. चित्र कसे येईल हे मात्र मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात : सेन्सरपर्यंत किती प्रकाश पोहोचतो, आणि हवा असलेला क्षण कॅमेऱ्याला वेळेवर पकडता येतो की नाही. नवा कॅमेरा निवडताना प्रत्येक सुविधेची पारख या दोन कसोट्यांवर करता येते.

[दृश्य : ए-४ आकाराची छापील छायाचित्रे, शेजारी मोठा पडदा]

आधी पिक्सेलांचाच हिशेब पाहू. ए-४ आकाराच्या कागदावर, एका इंचात ३०० ठिपके या उत्तम दर्जाने छायाचित्र छापायचे असेल, तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल लागतात. फोर-के पडद्यावर तर ८३ लाखांच्या आसपासच पिक्सेल मावतात. म्हणजे २० ते २४ मेगापिक्सेलचा (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल) सेन्सर असला, की चित्राच्या कडा कापून नको असलेला भाग वगळल्यावरही बहुतेकांना पुरेसे शिल्लक उरते. शिवाय १२ वरून २४ मेगापिक्सेलवर गेल्याने चित्राची रुंदी दुप्पट होत नाही, ती जेमतेम १.४ पट होते. भिंतभर मोठी छपाई करणाऱ्याला किंवा दूरच्या पक्ष्याभोवतीचे आकाश कापून टाकणाऱ्याला ४५ मेगापिक्सेल खरोखर उपयोगी पडतात. इतरांच्या वाट्याला प्रामुख्याने जड फाइली आणि लवकर भरणारी कार्डे येतात.

[दृश्य : वेगवेगळ्या आकारांचे सेन्सर एका टेबलावर]

खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला सेन्सरचा आकार मात्र लक्षपूर्वक वाचावा. फुल-फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा असतो, एपीएस-सी साधारण २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा, आणि खिशात मावणाऱ्या अनेक स्वस्त कॅमेऱ्यांतील सेन्सर अवघा ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा. ‘एक इंच’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सेन्सरची एकही बाजू इंचाएवढी नसते, तो प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर असतो. तरीही त्याचे क्षेत्रफळ त्या सर्वांत लहान सेन्सरच्या चौपट भरते. फुल-फ्रेमचे क्षेत्रफळ त्याच लहान सेन्सरच्या सुमारे तीसपट आहे. अॅपर्चर (लेन्समधील प्रकाश आत सोडणारे छिद्र) आणि शटरचा वेग (प्रकाश किती वेळ आत येतो ते) सारखाच ठेवला, तर मोठ्या क्षेत्रफळावर एकूण प्रकाश अधिक पडतो, म्हणून संध्याकाळी किंवा घरातील दिव्यांत आयएसओ, म्हणजे चित्र उजळ करण्याची पातळी, वाढवावा लागला तरी चित्रात दाणे कमी दिसतात. भर उन्हात हा फरक फारसा जाणवत नाही, आणि दुकानातील लखलखाटात टिपलेली चाचणीची चित्रे फसवी ठरतात ती यामुळेच.

याचा अर्थ प्रत्येकाने फुल-फ्रेमच घ्यावा, असा नव्हे. मोठ्या सेन्सरला लेन्सही मोठ्या लागतात. दूरचे टिपणारी ७०-२०० मिलिमीटर, एफ २.८ ची (एफचा आकडा जितका लहान, तितके अॅपर्चर मोठे उघडते) एक लेन्सच किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असते. दिवसभर चालत छायाचित्रण करणाऱ्याने हे वजन आधी खांद्यावर घेऊन पाहावे.

प्रकाशाचे दुसरे दार म्हणजे लेन्स, आणि ग्राहकाची सर्वांत मोठी चूक इथेच होते असे आमचे मत आहे. सगळे पैसे कॅमेऱ्यावर खर्च होतात आणि सोबत मिळालेल्या १८-५५ मिलिमीटर लेन्सवर वर्षे काढली जातात. ती लेन्स वाईट नसते, परंतु झूम पूर्ण ताणल्यावर तिचे अॅपर्चर सामान्यतः एफ ५.६ पेक्षा मोठे उघडत नाही. एफ २.८ वर त्याच्या चौपट प्रकाश आत येतो. ज्या खोलीत एफ ५.६ ला सेकंदाचा तिसावा भाग लागतो, तिथे एफ २.८ ला सुमारे एकशे पंचविसावा भाग पुरतो. खेळणाऱ्या मुलाचा चेहरा स्पष्ट येणार की फिसकटणार, हे एवढ्या फरकावर ठरू शकते.

[दृश्य : मैदानावर धावणारी मुले; कॅमेऱ्याच्या पडद्यावर चेहऱ्यामागे सरकणारी चौकट]

स्थिरीकरणाच्या सुविधेबाबत बराच गैरसमज आहे. ती छायाचित्रकाराच्या हाताची थरथर शोषून घेते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवू शकत नाही. मंद प्रकाशातील स्थिर वास्तू हातात कॅमेरा धरून टिपायची असेल तर ती वरदान आहे. खेळाच्या मैदानावर तिच्यापेक्षा वेगवान शटर आणि विश्वासार्ह ऑटोफोकस (आपोआप नेम साधून चित्र स्पष्ट करणारी यंत्रणा) यांची गरज असते. चेहरा किंवा डोळा ओळखून त्याच्यामागे सरकत राहणारा ऑटोफोकस ही गेल्या काही वर्षांतील सर्वांत उपयुक्त सुधारणा आहे, आणि मुले, प्राणी किंवा खेळ टिपणाऱ्याने तिच्यासाठी थोडे अधिक पैसे मोजायला हरकत नाही. सेकंदाला २० चित्रे काढण्याचा दावा वाचताना मात्र तो वेग यांत्रिक शटरचा आहे की इलेक्ट्रॉनिक, हे विचारावे. बहुतेक सेन्सर एकेक ओळ वाचत जात असल्याने इलेक्ट्रॉनिक शटरवर वेगाने फिरणारी बॅट वाकलेली दिसू शकते.

उन्हात मागचा पडदा दिसेनासा होतो, म्हणून डोळा लावून पाहण्याचा व्ह्यूफाइंडर असावा. रॉ फाइलची, म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती जवळजवळ जशीच्या तशी साठवण्याची, सोय असावी. जेपीईजी या नेहमीच्या, आकुंचित केलेल्या चित्रफाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या असतात, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४, आणि काळोखलेला भाग नंतर उजळताना हा फरक उपयोगी पडतो. डिजिटल झूमचा आकडा मोजूच नये, कारण तो केवळ चित्र कापून मोठे करतो, आणि ते काम घरी संगणकावरही होते.

[दृश्य : लेन्स काढलेला कॅमेरा, माउंटचे धातूचे कडे जवळून]

लेन्स बदलता येणारा कॅमेरा घ्यायचा असेल, तर खरी निवड माउंटची, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्याची, असते, कारण कॅमेरा काही वर्षांनी बदलला जातो आणि लेन्स त्याहून दीर्घकाळ साथ देतात. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये आरएफ आणि झेड हे नवे माउंट आणले. त्यांच्या जुन्या डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) कॅमेऱ्यांच्या लेन्स अॅडॉप्टर, म्हणजे मधले जोडकडे, लावून नव्या कॅमेऱ्यांवर चालतात. मात्र ज्या जुन्या निकॉन लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, त्यांचा ऑटोफोकस निकॉनच्या एफटीझेड अॅडॉप्टरवर चालत नाही. म्हणून घरात जुनी लेन्स असेल तर ती दुकानात सोबत न्यावी. आपले मेमरी कार्डही न्यावे, आयएसओ ३२०० वर दुकानाच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात काही चित्रे टिपावीत, आणि ती कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर न पाहता घरी मोठ्या पडद्यावर, पूर्ण आकारात पाहून मगच खरेदीचा निर्णय घ्यावा.