मुरलेलं दुखणं

नमस्कार श्रोतेहो. कापसाची वेचणी सुरू झाली की दवाखान्यात बायांचं एकच गाऱ्हाणं असतं. "कंबर धरली जी डॉक्टर, एक सुई मारून द्या." सुईनं दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने खाल्ल्या तर पोट आणि किडनी दोन्ही धोक्यात येतात.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं आम्ही जुनाट धरतो. अशा दुखण्यात नसा आणि मेंदू इतके हळवे होतात, की मूळ इजा भरून आली तरी कळ येत राहते. ते ढोंग नाही, दुखतं ते खरंच दुखतं. पण दर कळेमागे नवी मोडतोड झालेली असतेच असं नाही.

मात्र पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला, ताप आहे किंवा उगाच वजन उतरतंय, तर माझं भाषण ऐकत बसू नका. रुग्णालय गाठा.

बाकीच्यांचं काय होतं? बरं वाटलं त्या दिवशी दोन दिवसांचं काम उरकायचं आणि मग दोन दिवस खाटेवर पडायचं. पडून राहिलं की स्नायू आणखी ढिले पडतात. म्हणून काम दुखण्यावर नाही, घड्याळावर थांबवा. दहा मिनिटं चाललं की कंबर ठणकते? मग आठच मिनिटं चाला, पण रोज. चांगल्या दिवशीही आठच. हेच सगळ्यात अवघड, कारण चांगल्या दिवशी कुणाला थांबावंसं वाटत नाही. आठवडाभर जमलं की एखाद मिनिट वाढवा.

दुसरी गोष्ट मनाची. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांना सजगता, म्हणजे जे जाणवतं ते न झगडता नुसतं बघणं, शिकवायला सुरुवात केली. तिची मुळं आपल्याकडच्या बौद्ध ध्यानपरंपरेतली. खाटेवर पडा, डोळे मिटा, श्वास येतो-जातो तेवढा पाहा. मग लक्ष पायाच्या बोटांपासून वर सरकवत कमरेवर आणा. कळ टोचते की जळजळते, वाढते की ओसरते, एवढंच बघा. "आता माझं कसं होईल बाप्पा" हा विचार आला, तर तो विचार आहे, कळ नव्हे, हे ओळखा आणि श्वासाकडे परत या. यानं दुखणं पळून जात नाही, पण त्याचा धाक कमी होतो, झोप थोडी सुधारते. पाठ केलेल्या हरिपाठात मन रमत असेल, तर त्याच्या आधी हे पाच मिनिटं करा.

आता तुम्ही म्हणाल, मजुरी किलोवर, घड्याळ कोण पाहतं? खरं आहे. मग निदान ओटी गच्च भरेपर्यंत थांबू नका. अर्धी झाली की धुऱ्यावर रिकामी करा आणि तिथंच पाठ सरळ करून घ्या. फेऱ्या वाढतील, थोडा कापूस कमी भरेल, पण सरळ उभं राहून चालणं तेवढंच जास्त होईल.