हात शिकायचे राहिले

(दृश्य: बंद खोली. लॅपटॉपचा निळा उजेड. एक वैद्यकीय विद्यार्थिनी स्वतःच्याच छातीवर बोटांनी ठोकून पाहते आहे.)

डावं मधलं बोट बरगड्यांच्या मधे सपाट टेकवायचं. त्यावर उजव्या मधल्या बोटानं ठोकायचं. फुप्फुसावर आवाज पोकळ घुमतो, यकृतावर बद्द येतो. हा फरक आधी बोटाला कळतो, मग कानाला. हेडफोनमधून तो कसा शिकायचा?

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महासाथ म्हटलं. सहाच दिवसांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेनं विद्यार्थ्यांचं रुग्णांसोबतचं काम थांबवण्याचा सल्ला दिला. संरक्षक पोशाख अपुरे होते, संसर्ग वाढायची भीती होती. कारणं खरीच होती. जगभर असंच घडलं. नर्सिंग, फिजिओथेरपी, दंतवैद्यक, सगळ्यांचीच रुग्णालयातली पोस्टिंग बंद, मृतदेहांवर शरीररचना शिकायच्या डिसेक्शन हॉलला कुलूप.

घरात अडकलेले विद्यार्थी जगात कोट्यवधी होते. पण या मुलांचं दुखणं थोडं वेगळं होतं. ज्या कामासाठी आपण शिकतोय ते काम जगाला सगळ्यात जास्त हवं असताना आपण खुर्चीत बसलोय, ही टोचणी त्यांना होती. इटलीनं पात्रता परीक्षेची अट काढून सुमारे १०,००० नव्या डॉक्टरांची वाट मोकळी केली. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मात्र अशी वाट नव्हती.

(दृश्य: पडद्यावर चौकटी. बहुतेक काळ्या.)

दिवसभर व्हिडिओवर बसून माणूस इतका का थकतो? स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये चार कारणं मांडली. सतत अगदी जवळून रोखलेल्या नजरा, सतत दिसणारा स्वतःचाच चेहरा, हलायला नसलेली जागा, आणि हावभाव वाचायला मेंदूला पडणारे जादा कष्ट. त्यात या मुलांच्या मनात एक प्रश्न घोळत होता. उद्या खरा रुग्ण समोर आला तर मला जमेल का?

हा ताण महासाथीनं नव्यानं आणला असंही नाही. २०१६ मध्ये ४० हून अधिक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी २७ टक्क्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं दिसली होती. त्यांच्यातल्या जेमतेम १६ टक्क्यांनी उपचार घेतले होते. उद्या इतरांना 'वेळेवर या' म्हणणारी ही मुलं स्वतः जात नव्हती. आपल्याला तपासणारे आणि आपल्याला गुण देणारे एकच असतील, तर कोण तोंड उघडेल?

म्हणून दिवसभर पडद्यासमोर बसलेल्या मुलीला संध्याकाळी ताणमुक्तीचा आणखी एक वेबिनार देणं मला चुकीचं वाटतं. तिला हवी होती परीक्षेची पक्की तारीख. कॅमेरा बंद ठेवायची मुभा. दर आठवड्याला तेच पाच-सहा सोबती आणि तेच शिक्षक. आणि उपयोगी पडल्याची जाणीव. अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांनी फोनवरून रुग्णांची विचारपूस केली, डॉक्टर-नर्सची मुलं सांभाळली. त्या कामाला गुण नव्हते, तरी ते काम धरून ठेवणारं होतं.

(दृश्य: वॉर्ड. मास्क, हातमोजे. किंचित थरथरणारी बोटं.)

काही महिन्यांनी वॉर्डची दारं उघडली. रुग्ण डोळे मिटून पडलेला. ती बोट टेकवते, ठोकते. पोकळ. एक बरगडी खाली. पोकळ. शिक्षिका काही बोलत नाहीत, नुसत्या शेजारी उभ्या आहेत. आणखी खाली.

बद्द.

"इथून यकृत सुरू होतं," ती म्हणते.